डोळ्यांचा आजार, मनाच्या खात्यावर

वर्गीकरण हा शब्द उच्चारला की मराठी साहित्यचर्चेत एक ठरावीक प्रतिक्षिप्त क्रिया घडते. कोणीतरी फूकोचे नाव घेते. मग फूकोने १९६६ सालच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितलेला बोर्हेसचा तो चिनी ज्ञानकोश येतो, त्यातली प्राण्यांची विक्षिप्त विभागणी सांगितली जाते, श्रोते हसतात, आणि समस्त वर्गीकरणे ही सत्तेची कारस्थाने असून कप्पे मोडणे हेच साहित्याचे कार्य आहे, हा निष्कर्ष चहा येण्यापूर्वीच काढून होतो. ज्यांनी रुग्णालयाचा केसपेपर कधी लक्षपूर्वक वाचलेला नाही, अशा मंडळींना ही चैन परवडते. प्रस्तुत लेख या चैनीच्या विरोधात आहे. कप्प्यात कोंबले जाणे हा अन्याय असू शकतो, हे मला मान्यच आहे. परंतु आपल्या दुखण्याला कप्पाच नसणे, किंवा असलेला कप्पा भलत्याच कपाटात असणे, हा त्याहून मोठा अन्याय होय. आणि तो सोसणाऱ्याला बोर्हेस ऐकून हसू येत नाही.

समजा, काचबिंदूने दृष्टी बहुतांशी गेलेल्या ऐंशीच्या घरातल्या एक आजी आहेत. दुपारच्या वेळी त्यांना समोरच्या भिंतीपाशी भरजरी लुगडी नेसलेल्या बायका ओळीने उभ्या दिसतात. बायका बोलत नाहीत, आजींकडे पाहतही नाहीत. लुगड्यांचे काठ, नथीतले मोती, सगळे लख्ख दिसते. ज्या डोळ्यांना सुनेचा चेहराही धड ओळखू येत नाही, त्याच डोळ्यांना! आजींचे डोके ठिकाणावर आहे. तिथे कोणी नाही हे त्यांना पक्के ठाऊक आहे. पहिल्या दिवशी त्या सुनेला विचारतात, "अगं, तिथं कोणी उभं आहे का गं?" सून दचकून त्यांच्याकडे पाहते. त्या पाहण्यातून आजींना जे कळायचे ते कळते आणि त्या पुन्हा तो विषय काढत नाहीत.

या प्रकाराला वैद्यकात चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. (माणूस फ्रेंचभाषक, खरा उच्चार 'शार्ल बोने' असा. पण आपले डॉक्टर बॉनेट म्हणतात, तेव्हा बॉनेटच म्हणू.) हा बॉनेट जिनिव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ. पिकावर पडणाऱ्या मावा या किडीची मादी नराशिवाय प्रजोत्पादन करते, हे त्याने तरुणपणी दाखवून दिले होते. १७६० साली प्रसिद्ध झालेल्या आत्म्याच्या शक्तींविषयीच्या आपल्या ग्रंथात त्याने स्वतःच्या आजोबांची, शार्ल लुलँ यांची, हकिकत नोंदवली. वय ८९, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या, दृष्टी जवळपास गेलेली, बुद्धी मात्र शाबूत. त्यांना माणसे दिसत, पक्षी दिसत, गाड्या आणि इमारती दिसत. त्या आकृत्या लहानमोठ्या होत, जवळ येत, दूर जात. आणि त्या खऱ्या नव्हेत, हे आजोबा जाणून होते. बॉनेटने ही हकिकत भूतबाधेच्या सदरात टाकली नाही, वेडाच्याही नाही. बाहेरच्या वस्तूने चेतवली जाणारी आतली यंत्रणा वस्तूविनाच चेतली जात असावी, असा त्याचा रोख होता. अडीचशे वर्षांपूर्वीच्या मानाने हे अनुमान थक्क करणारे आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात. लुलँ यांच्या हकिकतीचे मूळ टिपण फ्लूर्नुआ या मानसशास्त्रज्ञाने १९०२ साली छापले. १९३६ साली द मॉर्सिए या जिनिव्हातल्याच मज्जाविकारतज्ज्ञाने या अवस्थेला बॉनेटचे नाव दिले. आणि नाव देता देता घोळही घातला, कारण त्याच्या मते अंधत्व हा निव्वळ योगायोग होता, महत्त्व वार्धक्याला व मेंदूला. तो घोळ निस्तरायला पुढची अनेक दशके लागली. आज चित्र बरेच स्पष्ट आहे. १९९८ साली लंडनमध्ये फिच व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचे मेंदू भास चालू असतानाच चुंबकीय प्रतिमांकनाखाली पाहिले. ज्याला रंग दिसत होते त्याच्या मेंदूतले रंगाचे क्षेत्र जागे होते, ज्याला चेहरे दिसत होते त्याच्या मेंदूतले चेहऱ्यांचे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेरा धडधाकट डोळस माणसांच्या डोळ्यांवर पाच दिवस पट्टी बांधून ठेवली. तेरापैकी दहा जणांना काही ना काही दिसू लागले. मतितार्थ असा, की डोळ्याकडून येणारा पुरवठा आटला की दृष्टीची पुढची यंत्रणा स्वतःच चित्रे पाडू लागते. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाला खाज सुटते, त्याच जातीचा हा प्रकार.

इतके कळल्यावर या दुखण्याला जगाच्या रोगसूचीत धड जागा असायला हवी होती. ती सूची म्हणजे 'आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरण'. १८९३ साली बर्तियों या फ्रेंच सांख्यिकाने तयार केलेली मृत्युकारणांची यादी ही तिची आजी. १९४८ पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे आणि तेव्हापासून तिच्यात मृत्यूबरोबर आजारांचीही नोंद होते. १९९० साली संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीने कित्येक देशांतल्या रुग्णालयांचा कारभार तीन दशके चालवला आहे, आणि आपल्याकडचे बहुतेक कारभार अद्याप तिच्यावरच चालतात. केसपेपरवर, विम्याच्या दाव्यावर, मृत्यूच्या दाखल्यामागच्या नोंदीत जो आकडा पडतो, तो या सूचीतला.

मी ही दहावी आवृत्ती एक ग्रंथ म्हणून वाचण्याचा सल्ला देतो. समीक्षकांना तर आवर्जून देतो, कारण इतके परिणामकारक गद्य गेल्या शतकात दुसरे लिहिले गेले असेल असे वाटत नाही. तिचे सातवे प्रकरण नेत्ररोगांचे, अक्षर एच. त्यात एच ५३.१ या आकड्याखाली 'व्यक्तिनिष्ठ दृष्टिविकृती' येतात, म्हणजे ज्या फक्त रुग्णालाच जाणवतात, तपासणाऱ्याला दिसत नाहीत अशा. डोळ्यांना येणारा थकवा, दिवांधता, सरळ रेषा वाकड्या दिसणे, उजेड न सोसणे, नजरेसमोर लखलखणारा आंधळा डाग, दिव्याभोवती दिसणारी वलये, अशी ती यादी आहे. आणि तिच्या तळाशी एक ओळ: दृष्टिविषयक निर्वस्तुभ्रम येथे धरू नयेत, त्यांच्यासाठी आर ४४.१ पाहावे.

म्हणजे दिव्याभोवती वलय दिसले तर तो नेत्रविकार. दिव्याशेजारी माणूस दिसला तर प्रकरण बदलले. आर हे अठरावे प्रकरण 'अन्यत्र वर्गीकृत न झालेली लक्षणे व चिन्हे' यांचे आहे, आणि त्यातला हा भाग बोध, संवेदन, भावावस्था व वर्तन यांविषयीचा. तिथे आजींच्या शेजारी कोण बसले आहे पाहा. आर ४४.० म्हणजे कानात आवाज ऐकू येणे. त्याच आर ४४.१ मध्ये तापाच्या ग्लानीत दिसलेले, मेंदूच्या अन्य दुखण्यात दिसलेले, कारण न कळलेले, असे सगळ्या प्रकारचे भास एकत्र कोंबलेले. आणि एखाद्या डॉक्टरला निव्वळ लक्षण लिहून समाधान नसेल, रोगच लिहायचा असेल, तर त्याला पाचवे प्रकरण खुणावते: एफ, मनोविकारांचे. त्यात एफ ०६.० हा 'सेंद्रिय निर्वस्तुभ्रमावस्था' नावाचा कप्पा आहे. त्याचे वर्णन असे, की भास वारंवार वा सतत होतात, ते बहुधा दृष्टीचे वा श्रवणाचे असतात, शुद्ध हरपलेली नसते आणि हे भास आहेत याची जाणीव रुग्णाला असूही शकते. हे वर्णन आजींना इतके चपखल बसते, की घाईतल्या डॉक्टरला दोष देणेही कठीण. डोळ्याचे दुखणे मनाच्या खात्यावर मांडले जाते ते असे. त्यात कोणाचा दुष्टावा लागत नाही.

इथे कोणी म्हणेल, की यादी करणाऱ्यांपुढे दुसरा मार्ग नव्हता. भास हे लक्षण आहे, आणि लक्षण म्हणूनच ते नोंदले जाणार. हा युक्तिवाद त्याच ग्रंथात, त्याच पानांच्या आसपास खोटा पडतो. एच ५३.६ म्हणजे रातांधळेपणा. तिथेही तळाशी एक वगळणी आहे: जीवनसत्त्व अ च्या अभावाने आलेला रातांधळेपणा येथे धरू नये, तो ई ५०.५ मध्ये, म्हणजे पोषणाच्या विकारांत, नोंदवावा. का? कारण तिथे कारण ठाऊक आहे, आणि कारण ठाऊक असेल तर लक्षणाला कारणाच्या घरी पाठवायचे, हा या ग्रंथाचा स्वतःचा नियम आहे. आर प्रकरण तर मुळातच अशा लक्षणांसाठी आहे ज्यांचे निदान अन्यत्र लागत नाही. मग डोळा गेल्यामुळे आलेल्या भासाचे कारण ठाऊक असताना त्याला लक्षणांच्या धर्मशाळेत का उतरवले? रातांधळेपणाला लावलेला न्याय आजींना का नाही? मला याचे एकच उत्तर दिसते. ज्यांनी ती वगळणी लिहिली, त्यांच्या मनात एक जुनी पायरी पक्की होती: ठिपका, रेष, वलय ही डोळ्याची कामे, माणूस, चेहरा, मिरवणूक ही मनाची. चित्र जितके साधे तितके शरीराचे, जितके गुंतागुंतीचे तितके वेडाचे. या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. ज्याला चेहरे दिसतात त्याच्या मेंदूतली चेहऱ्यांची जागा जागी झालेली असते, इतकेच.

अमेरिकेने या सूचीची स्वतःची विस्तारित आवृत्ती केली आणि एच ५३.१ चे बारीक तुकडे पाडले. त्यात एच ५३.१६ असा एक तुकडा आहे, 'मनोभौतिक दृष्टिविकृती' नावाचा. नावातच अर्धे मन आणि अर्धे शरीर! वरची वगळणी मात्र तशीच ठेवली. त्यामुळे एकाच रुग्णाला एक कारकून नेत्ररोगात बसवणार, दुसरा लक्षणांत, आणि तिसरीकडे डॉक्टर त्याला मनोविकारांत बसवून मोकळा होणार.

'कारकून' या शब्दावर आमचे काही वैद्यकीय मित्र नाराज होतात. ते म्हणतात, आकडा हे कारकुनी काम आहे, उपचार आकडा पाहून होत नाहीत, रुग्ण पाहून होतात. तुम्ही साहित्यिक लोक उगाच चिन्हांत अर्थ शोधता. हे मित्र सज्जन आहेत आणि ते जेव्हा स्वतः रुग्ण पाहतात तेव्हा त्यांचे म्हणणे खरेही असेल. पण केसपेपर डॉक्टरबरोबर घरी जात नाही. तो पुढच्या डॉक्टरकडे जातो, रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरकडे जातो, विमा कंपनीच्या टेबलावर जातो. एकदा 'भास' अशी नोंद झालेली वृद्धा पुढच्या खेपेला खुबा मोडून दाखल झाली, की तिची प्रत्येक तक्रार त्या नोंदीच्या चष्म्यातून ऐकली जाते. 'झोप लागत नाही' म्हटले तर बेचैनी, 'घरी जायचंय' म्हटले तर गोंधळ. त्यातून मनोविकारावरची औषधे सुरू होणे फार दूर नसते. ही औषधे काही निरुपद्रवी नव्हेत. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना नव्या पिढीतली अशी औषधे दिल्यास मृत्यूचे प्रमाण वाढते, असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली त्यांच्या वेष्टणावर छापायला लावला. २००८ साली जुन्या पिढीतल्या औषधांनाही तो लागू केला. आजींना स्मृतिभ्रंश नाही. पण तो आहे असे समजले जाणे, हीच तर या चुकीच्या कप्प्याची देणगी आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वकिली ठरेल. भिंतीपाशी बायका दिसणारी प्रत्येक वृद्धा बॉनेटची रुग्ण नसते. ल्यूवी पिंडांचा स्मृतिभ्रंश नावाचे मेंदूचे एक दुखणे आहे. त्यातही स्पष्ट, तपशीलवार माणसे आणि प्राणी दिसतात, आणि त्या रुग्णांना मनोविकाराची काही औषधे भयंकर बाधतात. तिथे 'डोळ्याचेच आहे, काळजी नको' म्हणणे हा गुन्हा होईल. पण हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. दोन दुखणी सारखी दिसतात आणि त्यांचे उपाय भिन्न असतात, तेव्हाच दोन कप्पे लागतात. एका आर ४४.१ मध्ये दोघींना घालून आपण दोघींचेही वाटोळे करतो.

दुसरा आक्षेप अधिक हुशार आहे, आणि तो पुरोगामी मंडळींकडून येतो. ते विचारतात, मनोविकाराच्या प्रकरणातून बाहेर पडण्याची एवढी घाई का? मनोविकार ही काय लाजिरवाणी गोष्ट आहे? ही घाई म्हणजे वेडाविषयीच्या जुन्याच तिटकाऱ्याला दिलेली मान्यता नव्हे काय? प्रश्न प्रामाणिक आहे. मनोविकारात लाज नाही, हे निःसंशय. पण फुप्फुसाच्या आजारातही लाज नाही, म्हणून काही हृदयविकाराच्या रुग्णाला फुप्फुसाच्या कक्षात झोपवून ठेवत नाहीत. चुकीचे निदान हे चुकीचेच असते, मग ते कितीही सन्माननीय असो. शिवाय कलंक पुसण्याची जबाबदारी समाजाची आहे. तो पुसला जाईपर्यंत एका अंध वृद्धेने तो तत्त्वासाठी कपाळावर वागवावा, ही अपेक्षा आरामखुर्चीत बसूनच करता येते.

आणि तिसरी मंडळी आपली, साहित्यातली. त्यांना भासाचे नाव काढताच उन्मेष, द्रष्टेपणा, अतींद्रिय असे शब्द सुचू लागतात. यादीवाल्यांना भासात वेड दिसते, यांना काव्य; ज्याला दिसते त्याला काय होते, हे दोघांनीही विचारलेले नाही. बॉनेटच्या रुग्णांना जे दिसते ते बहुधा निरर्थक असते. विटांची नक्षी, जाळ्या, अनोळखी चेहरे, चित्रविचित्र टोप्या घातलेली माणसे. ते त्यांच्या आयुष्याविषयी काही सांगत नाही, भविष्य वर्तवत नाही, गेलेल्या नवऱ्याचा निरोप आणत नाही. ऑलिव्हर सॅक्सने २०१२ सालच्या आपल्या भासांवरील पुस्तकाची सुरुवात याच अवस्थेने केली, आणि त्याच्यासारख्या लेखकालाही या चित्रांना अर्थ चिकटवण्याचा मोह झाला नाही, ही गोष्ट आपल्या द्रष्टेवाद्यांनी लक्षात घ्यावी. रुग्णाला सर्वांत मोठा दिलासा मिळतो तो नेमका या निरर्थकतेचा.

आता 'दुर्मीळ' या विशेषणाकडे वळू. या दुखण्याचा उल्लेख होतो तेव्हा ते विशेषण हटकून जोडले जाते. १९९६ साली नेदरलँड्समधील ट्यूनिस व सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. दृष्टी अधू झालेल्या ५०५ रुग्णांना त्यांनी थेट विचारले, आणि त्यांतले ६० जण बॉनेटच्या अवस्थेचे निघाले. साधारण आठांत एक! यांतल्या बहुतेकांनी आपल्या डॉक्टरला चकार शब्द सांगितलेला नव्हता. ज्याला विचारले जात नाही, जे सांगितले जात नाही आणि सांगितले तरी ज्याला स्वतःचा आकडा नाही, ते नोंदवह्यांत दुर्मीळच दिसणार. आर ४४.१ च्या ढिगातून उद्या कोणा संशोधकाने महाराष्ट्रातले असे रुग्ण वेगळे काढायचे म्हटले, तर काढणार कसे? इंग्लंडमध्ये २०१५ साली 'एस्मेज अंब्रेला' नावाची मोहीम सुरू झाली ती एका मुलीने आपल्या आईच्या नावाने सुरू केलेली. तिची आई याच भासांनी गांजलेली होती. लोकांना एवढेच सांगायचे, की हे असे होते, तुम्ही वेडे नाही, डॉक्टरशी बोला. जे काम केसपेपरवरच्या एका रकान्याने व्हायला हवे, त्यासाठी मोहीम काढावी लागली.

व्याख्या बदलली की वास्तव कसे हलते याचे आपल्या घरचे उदाहरण हवे असेल तर तेही आहे. आपल्या राष्ट्रीय अंधत्व कार्यक्रमात पूर्वी ६/६० च्या खालची दृष्टी म्हणजे अंधत्व असे धरत. २०१७ साली ती रेषा ३/६० वर आणली, जागतिक व्याख्येशी मेळ घालण्यासाठी. बदल योग्य होता की नाही हा वाद येथे नको. पण ४/६० दृष्टीचा माणूस आदल्या दिवशी सरकारी हिशेबात अंध होता आणि दुसऱ्या दिवशी नव्हता. त्याच्या डोळ्यांत रात्रीतून काहीही सुधारले नव्हते. ही ताकद ज्या कागदात आहे, त्याला कारकुनी म्हणून सोडून देणे मला जमत नाही.

यादीवाले परके आहेत म्हणून त्यांना झोडपणे सोपे आहे. आपल्या भाषेची यादी तपासून पाहू. वृद्धाला नसलेले काही दिसले तर मराठीत त्यासाठी कोणते कप्पे तयार आहेत? म्हातारचळ. साठी बुद्धी नाठी. बाहेरची बाधा. पितर दिसू लागले, म्हणजे आता दिवस भरले. यांतला एकही कप्पा डोळ्याचा नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, अंधारी येते, इथवर आपली भाषा डोळ्याला जबाबदार धरते. काजव्याच्या जागी माणूस आला की ती थेट मांत्रिकाचे किंवा वेड्याच्या डॉक्टरचे दार दाखवते. जिनिव्हाच्या यादीतली ती जुनी पायरी, साधे ते डोळ्याचे आणि गुंतागुंतीचे ते मनाचे, आपल्या वाक्प्रचारांतही जशीच्या तशी आहे. परिभाषेने तरी काय दिवे लावले? 'निर्वस्तुभ्रम' हा शब्द अचूक आहे, वस्तूविना होणारा भ्रम. पण त्यातला 'भ्रम' ऐकून कोणती आजी 'मला निर्वस्तुभ्रम होतो' म्हणेल? भ्रम म्हणजे चुकीची समजूत, आणि आजींची समजूत तर अजिबात चुकलेली नाही. माझ्या मते 'रित्या नजरेची चित्रे' असे काहीतरी साधे नाव हवे. याहून चांगले कोणी सुचवले तर आनंदच आहे.

या ठिकाणी सुश्रुताची आठवण काढणारे वाचक अस्वस्थ झाले असतील, तेव्हा त्यांच्याकडे येतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले आहेत, त्यांतले बारा दृष्टीचे. दोष दुसऱ्या पटलात गेला की माश्या, डास, केस, जाळी, मंडले, पताका, कुंडले अशा नसलेल्या वस्तू दिसू लागतात, असे वर्णन तिथे आहे. हे बॉनेटचेच दुखणे, असा दावा मी करणार नाही. यातले बरेचसे मोतीबिंदूच्या सुरुवातीचे किंवा डोळ्यातल्या तरंगत्या कणांचे वर्णन असण्याचा संभव अधिक. 'सगळे आमच्याकडे होतेच' या आरोळीत माझा आवाज मिळवायचा नाही. मला महत्त्वाची वाटते ती मांडणी. नसलेल्या पताका दिसणारा माणूस त्या ग्रंथकाराने उन्मादाच्या प्रकरणात नेला नाही. दृष्टिगत रोगांत ठेवला.

आणि म्हणूनच १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्लीत जे झाले त्याबद्दल माझ्या मनात संमिश्र भावना आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या रोगसंज्ञांना जागतिक वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत पारंपरिक वैद्यकाच्या दुसऱ्या विभागात स्थान मिळाले, त्याचा तो समारंभ. शब्दाला आकडा मिळणे म्हणजे काय असते, हे आपल्या राज्यकर्त्यांना चांगले कळते, याचा तो पुरावा. मग त्याच अकराव्या आवृत्तीचे उरलेले प्रकरण वाचण्याची उत्सुकता का दिसत नाही?

कारण त्या आवृत्तीत आजींचे काम झालेले आहे. मे २०१९ मध्ये संमत झालेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेली ही आवृत्ती नेत्रप्रकरणाचे नावच बदलते: 'डोळा व त्याचे उपांग' जाऊन 'दृष्टिसंस्थेचे रोग'. बुबुळापासून मेंदूच्या मागच्या भागापर्यंतचा सारा रस्ता एका घरात आला. आणि त्या घरात ९डी५६ या आकड्याखाली दृष्टी गेल्यावर मोकाट सुटणारे भास, अर्थात चार्ल्स बॉनेट सिंड्रोम, स्वतंत्रपणे नोंदले आहे; मनोविकारांशी त्यांचा संबंध नाही हेही तिथेच लिहिले आहे. जिनिव्हात १७६० साली नोंदलेल्या हकिकतीला जिनिव्हातल्याच कचेरीतून आकडा मिळायला २६२ वर्षे लागली.

पाठोपाठ रांगेत दुसरी दुखणी उभी आहेतच. तरुण मुलामुलींना अष्टौप्रहर, डोळे मिटले तरी, सगळ्या दृश्यावर बारीक ठिपके वळवळताना दिसतात. जुन्या दूरचित्रवाणी संचावर प्रक्षेपण गेले की 'मुंग्या' यायच्या, तशा. डॉक्टर त्याला दृष्टिहिम म्हणतात. हिम न पाहिलेल्या आपल्या मुलांसाठी मुंग्याच बऱ्या. २०१४ साली शांकिन व सहकाऱ्यांनी त्याचे निकष ठरवले, तोवर कित्येकांना अर्धशिशीच्या किंवा अमली पदार्थांच्या संशयाच्या खात्यावर टाकले जात होते. २०१८ च्या डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ते आले, पण परिशिष्टात. परिशिष्ट म्हणजे दारात उभे राहा, आत बोलावू तेव्हा या.

आपल्याकडे अकरावी आवृत्ती रुग्णालयांच्या रोजच्या कागदात पूर्णपणे कधी उतरेल ते उतरो. तोवर करण्यासारखे एक काम आहे आणि त्याला जिनिव्हाची परवानगी लागत नाही. नेत्रचिकित्सालयात दृष्टी अधू झालेल्या प्रत्येक वृद्धाच्या केसपेपरवर एक छापील प्रश्न असावा, मराठीत, आणि तो सुनेला किंवा मुलाला बाहेर बसवून, डॉक्टरने स्वतः विचारावा: "आजी, तिथं नसलेलं कधी काही दिसतं का? पुष्कळांना दिसतं, नजर कमी झाली की." दुसरे वाक्य गाळू नये. उत्तर 'हो' आले तर नजरेचा, स्मृतीचा आणि औषधांचा तपास करून, आर ४४.१ लिहिण्याऐवजी रोगाचे पूर्ण नाव अक्षरांत लिहावे, त्याखाली 'नेत्रविकारजन्य. भान शाबूत' असे लिहून सही करावी, आणि त्या कागदाची एक प्रत आजींच्या हातात द्यावी.